वारसा, कर आणि कन्येचा हिस्सा

‘वेड पांघरून पेडगांवला जाणें’ ही म्हण आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. म्हणींतलें पेडगांव भीमातीरचें, असें सांगतात. परंतु परभणी जिल्ह्यांतही एक पेडगांव आहे. तेथील काळ्या रानाचा धनी असो, वा पुण्यामुंबईस राहून कोठली तरी वडिलोपार्जित जमीन राखणारा असो, वारशाची गोष्ट निघाली कीं पुष्कळ जाणते गृहस्थ म्हणींतलेंच वेड पांघरतात, आणि निमित्त सांगतात सरकारी कराचें.

या निमित्तांत आज तथ्य नाहीं. इस्टेट ड्यूटी नांवाचा मृत्युकर १९५३ सालीं आला व १९८५ सालीं गेला. १९५८ चा बक्षीसकर १९९८ मध्यें उठला. संपत्तिकरही २०१५ सालीं रद्द झाला. शेत असो वा दुकान, तें वारशानें मिळालें म्हणून मुलांस कर द्यावा लागत नाहीं. आईबापांनीं हयातींत बक्षीस दिलें तरीही त्यावर आयकर नाहीं. मुलानातवंडांस दिलेल्या शेताच्या बक्षीसपत्राचें मुद्रांकशुल्कही महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं अवघ्या २०० रुपयांवर आणलें. इंग्लंडांत मात्र मोठ्या शेतांच्या वारशावर कर बसविण्याचें २०२४ सालीं जाहीर होतांच शेतकरी लंडनच्या रस्त्यांवर उतरले.

मग आपलें अडतें कोठें? नोंदींत आणि मनांत.

आजोबांचें नांव सातबाऱ्यावर तसेंच राहतें. पिढ्या उलटतात, हिस्सेदार वाढतात आणि सह्यांसाठीं दहा गांवें हिंडावीं लागतात. वास्तविक वारसाची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावयाची असते. मग फेरफार होतो. सर्व हिस्सेदार राजी असल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ अन्वयें तहसीलदार वाटणी करून देतात. दुकानाचा धनी वारल्यास तें पुढें चालविणाऱ्या वारसानें जीएसटीची नोंदणी स्वतःच्या नांवें घ्यावी.

मनांतली अडचण कन्येची. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत कन्या जन्मानेंच पुत्राइतकी हिस्सेदार आहे. त्या दिवशीं पिता हयात असण्याचीही गरज नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहींत. तरीही भीड घालून बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतलें जातें. तिनें स्वखुषीनें सोडलें तर गोष्ट निराळी. परंतु ‘कर वाचेल’ म्हणून सही मागणें हें निव्वळ असत्य होय, कारण वाचविण्याजोगा करच उरलेला नाहीं.

हयातींतच सर्व देऊन मोकळें होऊं पाहणाऱ्या वृद्धांसही दोन शब्द सांगतों. एकत्र मिळकतींतील दुसऱ्याचा हिस्सा आपणांस बक्षीस देतां येत नाहीं. स्वकष्टार्जित द्यावयाची तर ‘माझा सांभाळ करावा’ ही अट बक्षीसपत्रांतच लिहावी; ती मोडली गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेऊन बक्षीस रद्द करवितां येतें.

दिवाळीस घरची मंडळी जमतील, तेव्हां सातबारा बाहेर काढावा, बहिणीसही पाट मांडावा, आणि मगच बोलण्यास आरंभ करावा.