शाळेची जागा आणि तिची माती

गावात नवी वर्गखोली उभारावयाची असो, शाळेची बाग करावयाची असो, अथवा एखाद्या पालकास घरासाठी जागा घ्यावयाची असो. सल्ल्यासाठी लोक शिक्षकाकडे येतात. अशा वेळी जागेचा विस्तार, रस्ता व पाण्याची सोय यांची चौकशी होते, मातीची मात्र क्वचितच होते. पुढे भिंतींना भेगा पडतात, रोपे पिवळी पडतात आणि दोष गवंड्यास किंवा रोपांस दिला जातो. पुष्कळदा खरे कारण पायाखाली असते.

सातारा व सांगली या जिल्ह्यांचा तळखडक बहुतांशी एकच, म्हणजे लाव्हारस थिजून झालेला काळा पाषाण आहे. तथापि पाऊस व उतार सर्वत्र सारखे नसल्याने माती निरनिराळी झाली. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथील माथ्यावर पावसाने चुना व इतर क्षार धुऊन नेले, लोह मागे राहिले आणि जांभा व तांबडी माती तयार झाली. माण, आटपाडी, जत या पूर्वेकडील तालुक्यांत पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास. तेथील माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूस, मिरज या भागांत गाळ साचून खोल, काळी, कसदार जमीन बनली आहे.

तालुक्यावरून मातीचा केवळ अंदाज येतो. एकाच शिवारात माळ व मळी दोन्ही असू शकतात. म्हणून प्रत्यक्ष जागेवर कमरेइतका खोल खड्डा घेऊन पाहावे.

१. काळी माती किती खोल आहे व मुरूम कोठे लागतो, ते मोजावे.

२. ओली माती तळहातावर वळावी. तिची बारीक वळी होऊन न तुटता वाकली, तर माती चिकण आहे. वळी होताच तुटली, तर वाळूचा अंश अधिक आहे.

३. काचेच्या बाटलीत माती व पाणी हलवून ठेवावे. वाळू लगेच तळाशी बसते. चिकणमाती पाणी बराच वेळ गढूळ ठेवते.

४. खड्ड्यात सायंकाळी पाणी भरावे. सकाळपर्यंत ते तसेच राहिले, तर निचरा वाईट समजावा.

बांधकामास काळी माती सर्वांत फसवी. ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसते. शेतास भेगा पडतात त्याच कारणाने वर बांधलेली भिंतही उचलली जाते, खचते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तडकते. म्हणून पाया काळ्या थरातून खाली मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असल्यास पायाचा प्रकार अभियंत्याने ठरवावा. छपराचे व नळाचे सांडपाणी भिंतीपासून दूर काढावे आणि मोठी झाडे भिंतीलगत लावू नयेत.

मुरमाची जागा पायास उत्तम, परंतु बागेस दुबळी. तेथे मोठे खड्डे घेऊन त्यांत गाळाची माती व कुजलेले शेणखत भरावे. डोंगरउतारावर प्रश्न वेगळा असतो. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर व ढोकावळे येथे दरडी कोसळून घरे गाडली गेली व माणसे दगावली. उतारावर नवी भेग, कललेली झाडे किंवा अकस्मात फुटलेला झरा दिसल्यास तेथे बांधकाम करू नये आणि तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे.

कृष्णाकाठच्या भारी जमिनीत आणखी एक संकट आहे. पिकास लागते त्याहून अधिक पाणी दिले व निचरा नसला, की जमिनीतील पाण्याची पातळी वर येते. पाणी वाफ होऊन उडून जाते, क्षार मात्र वर राहतात. पृष्ठभागावर पांढरा थर दिसला, तर जमीन खारवट झाली असे समजावे. चर काढून व गोडे पाणी देऊन क्षार धुऊन काढणे हा तिचा उपाय होय. जी माती ओली असता बुळबुळीत व वाळल्यावर दगडासारखी होते, ती चोपण. तिच्यात सोडियमचा अंश वाढलेला असतो. तिला निचऱ्याबरोबर जिप्सम व सेंद्रिय खतही लागते. किती, ते माती तपासूनच ठरवावे. सांगलीजवळील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात अशा जमिनींच्या सुधारणेवर काम झाले आहे. टेंभू व म्हैसाळ योजनांमुळे आटपाडी व जत या दुष्काळी भागांतही कृष्णेचे पाणी पोहोचले आहे. कृष्णाकाठची चूक तेथील सखल, काळ्या शिवारांत पुन्हा होऊ नये, हे मुलांना आजच समजावे.

तपासणीसाठी बागेच्या आठ-दहा ठिकाणांहून वीतभर खोलीपर्यंतची माती घ्यावी. बांध, उकिरडा व झाडाखालची जागा टाळावी. सर्व माती मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून उरलेले दोन पुन्हा मिसळावेत. असे करीत सुमारे अर्धा किलो माती ठेवून ती सावलीत वाळवून प्रयोगशाळेकडे पाठवावी. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. पालकांच्या घरी ती असल्यास मुलांनी वर्गात आणून वाचावी.

प्रत्येक शिवाराची माती बाटलीत भरून त्यावर शिवाराचे नाव, खोली व तारीख लिहावी. हा संग्रह शाळेत राहिला, तर जागेचा प्रश्न निघताच तो ग्रामस्थांपुढे मांडता येईल आणि निर्णय पाया खणण्यापूर्वीच होईल.