जुन्या गाडीच्या ब्रोशरचं साल कसं ओळखायचं?

मागच्या महिन्यात चोरबाजारात मी ‘१९६८चं ओरिजिनल’ म्हणून फियाटचं ब्रोशर बाराशेला घेतलं. बाबांनी आयुष्यभर तीच टॅक्सी चालवली, म्हणून घासाघीसही केली नाही. घरी बाबांनी चष्मा लावला. “१९६८ला पद्मिनी? तेव्हा हे नाव कुठे होतं?”

बरोबर! कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या या गाडीला पद्मिनी नाव मिळालं १९७४मध्ये.

म्हणून कार कंपन्यांची जुनी ब्रोशरं, कॅलेंडरं घेताना आधी मजकूर वाचा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे? मग ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’? मग बहुतेक १९९५ नंतरचं. शेवटी भिंग लावा. छापखान्यातल्या फोटोत रंगांचे ठिपके एका नक्षीत बसलेले दिसतात. घरगुती इंकजेटचे मात्र फवारल्यासारखे विखुरलेले.

माझ्या ब्रोशरचे ठिपके नक्षीतच निघाले. म्हणजे कागद खरा, साल खोटं. पण बाबांची टॅक्सी होती १९८२ची, पद्मिनीच! ब्रोशर आता त्यांच्या उशाशी असतं.

रद्दी देण्याआधी एकदा चाळा हं. भेटू पुढच्या भागात!