घाट, किनारा आणि मोसंबीचं पाणी

जालना एमआयडीसीत पाळीने कामाला जाणारे शेतकरी बंधू ‘एकदा जीप काढून कोकण बघायचंय’ म्हणतात. जरूर बघा. पण दोन-अडीच आठवडे घर सोडायचं, तर आधी विहीर बघा. रब्बीची काढणी उरकल्यावर एप्रिलात सवड असते, कोकणात आंबा-काजूही तेव्हाच. नेमका त्याच वेळी मोसंबीचा आंबे बहार पाण्यावर तगून असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडे बागाच्या बागा वाळल्या. ठिबक असलं तरी घरचं एक जाणतं माणूस मागे ठेवा.

पुणे, वाई करत महाबळेश्वर गाठावे. तिथलं गहू गेरवा संशोधन केंद्र पॉइंट बघणाऱ्यांना माहीतही नसतं! पुढे आंबेनळी घाटाने पोलादपूर, मग दापोली. तिथल्या कृषी विद्यापीठाला आधी पत्र टाका. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत जीपही चढते, चिपळूणचा वळसा वाचतो. गुहागर, रत्नागिरी, मालवण सावकाश करा. वेंगुर्ल्यात दोन मुक्काम हवेतच. फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती समजून घ्या. कलमं आणून आपल्या काळ्या रानात लावायचा मोह मात्र नको, काजूला निचऱ्याची जमीन लागते. परतताना आंबोली, कोल्हापूर.

घाट दिवसाच उतरावा, पावसाळ्यात तर बेतच नको. २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत दापोली विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण गेले. ब्रेक आणि टायर निघण्याआधी जालन्यातच तपासून घ्या.