डोळ्याच्या बदल्यात डोळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ ही सूड घेण्याची आज्ञा आहे.

हे शब्द सुटे ऐकले तर तसेच वाटणार, आणि बहुतेकांच्या कानावर ते सुटेच पडतात. जुन्या करारात निर्गम, लेवीय आणि अनुवाद या तीन पुस्तकांत ते येतात, तेही कायद्याच्या नियमांमध्ये. अनुवादात तर प्रसंग खोट्या साक्षीचा आहे आणि चौकशी न्यायाधीश करतात. उत्पत्ती या पुस्तकातला लामेख एका जखमेपायी माणूस मारतो आणि 77 पट सुडाची बढाई मारतो. अशा सुडाला या नियमाने लगाम घातला: जेवढी इजा तेवढाच दंड, तोही न्यायासनाकडून. निर्गमात पुढच्याच ओळींत मालकाने दासाचा डोळा फोडल्याचे उदाहरण आहे. तिथे मालकाचा डोळा फोडायचा नाही, दासाला मुक्त करायचे. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात तर सरळ पाच बाबींची भरपाई सांगितली आहे: इजा, वेदना, औषधोपचार, बुडालेले काम आणि अपमान. मिश्नावरील चर्चा असलेल्या तालमूदमध्ये त्यामागचा एक युक्तिवाद असा: खुन्याला पैसे घेऊन सोडू नये, असे गणना हे पुस्तक बजावते, ही मनाई जिवापुरती आहे, म्हणजे अवयवासाठी भरपाई घेता येते.

गैरसमज: जुना करार सुडाचा, नवा करार क्षमेचा.

डोंगरावरील प्रवचनात येशू जुने वचन सांगून त्यापुढे आपली शिकवण ठेवतो, त्यामुळे दोन्ही करार एकमेकांविरुद्ध उभे असल्याचा भास होतो. पण सूड घेऊ नये, शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे लेवीयाच्या 19व्या अध्यायात एकाच वचनात आहे. भुकेल्या शत्रूला जेवू घालण्याचा नव्या करारातल्या पौलाचा उपदेशही जुन्या करारातल्या नीतिसूत्रांतून घेतलेला आहे. उलट नव्या करारातल्या प्रकटीकरणात हुतात्मे आपल्या रक्ताचा सूड मागतात.

गैरसमज: क्षमा करायची म्हणजे झालेगेले विसरायचे.

क्षमेचा उपदेश बहुधा ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच केला जातो, म्हणून हा समज घट्ट बसला आहे आणि त्याने पुष्कळांना गप्प बसवले आहे. लूकच्या शुभवर्तमानात मात्र आधी अपराध्याला खडसावायचे आहे, मग त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा. मिश्नानुसार भरपाई दिली तरी माफी मागावीच लागते. दुखावलेल्याची समजूत घातल्याशिवाय योम किप्पूर या यहुदी प्रायश्चित्ताच्या दिवशीही त्या अपराधाचे प्रायश्चित्त होत नाही. उत्पत्तीत भावांनी विकलेल्या योसेफानेही, ते पुढे त्याच्यासमोर आले तेव्हा, त्यांना लगेच ओळख दिली नाही. त्याने धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवायला लावला आणि चोरीबद्दल त्याला गुलाम करून ठेवतो म्हणाला. योसेफाला विकण्याची कल्पना ज्याची होती, तो यहूदा आता धाकट्याऐवजी स्वतः गुलाम व्हायला पुढे आला. त्यानंतरच योसेफाने आपण कोण ते सांगितले.