मूल जेवत नाही, काय करावे?



ऊस नोंदीसाठी आम्ही वस्तीवर येतो, तेव्हा पिकाच्या जोडीने घरच्याही गोष्टी निघतात. दहा-बारा माणसांच्या खटल्यात एखादे पोर भाजी बघितली की तोंड फिरवते. आई रागावते, आजी हळूच बिस्किटाचा पुडा देते, काका म्हणतात, "राहू दे उपाशी." तिघांचे तीन कायदे, पोर बरोबर सोयीचा निवडते.

पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते; दोन वर्षांनंतर ते वर्षाला साधारण २ किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. शिवाय २ ते ६ वर्षांच्या वयात नव्या पदार्थाची धास्ती असतेच. तीच भाजी १०-१५ वेळा पानात दिसली, की बहुतेक मुले चाखून बघतात. म्हणून चमचाभर वाढावी, बळजबरी करू नये. पाणी जादा पाजून ऊस जोमाने येत नाही, हे आपण जाणतोच.

खरा घात चहा-बिस्किटाने होतो. जेवणाआधीच पोट भरते, आणि चहामुळे अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. मूल फिकट, मलूल दिसू लागते. भाकरी, मेथी, हरभऱ्याची उसळ द्यावी. वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले लागते.

मुलांना मोठ्यांच्या पंगतीत बसवावे. काय वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते मुलाने. वजन घटले किंवा गिळताना त्रास होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आज रात्रीच सर्वांनी बसून एक नियम ठरवा. आजींनाही त्यात घ्या. पुडा त्यांच्याच उशाशी असतो!

— ऊस विकास अधिकारी