360 रुंदीचं शेत

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात मी गेलो, तो एका अंगठ्यापायी. खरिपात बांधावर उभे राहून एक आजोबा मोबाइलवर ई-पीक पाहणी करत होते. खुरपं धरून धरून अंगठ्याचं कातडं इतकं जाड झालेलं, की काचेला तो लागलेला कळेचना. शेवटी त्यांनी नातवाला हाक मारली.

गावातला एक पोरगा शेतकरी गटासाठी सोयाबीन-हळदीच्या नोंदींचं ॲप करतोय असं कळलं, म्हणून त्याच्याकडे जाऊन बसलो. माहिती एकच, फॉर्म दोन. लॅपटॉपच्या पडद्याची रुंदी 1366 पिक्सेल, साध्या अँड्रॉइड फोनची 360. "सगळं भांडण या 360चं आहे, काका."

भांडण जुनंच म्हणायचं. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा मुळात आडवा. हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन सगळं एका ओळीत. तलाठी ती ओळ एका नजरेत वाचायचा. 15 ऑगस्ट 2021पासून पीकपेरा शेतकऱ्यानं स्वतः फोनवरून नोंदवायचा झाला आणि आडवी ओळ उभी राहिली.

पोरानं खिडकीची कड माउसनं आत ओढली. रकाने एकाखाली एक घसरले. आकड्याच्या जागी बोट लावलं की फक्त आकड्यांचा कीबोर्ड, पीक यादीतून निवडायचं, 'जतन करा' खाली, अंगठा पोचेल तिथं. मग त्यानं फोनची अक्षरं मोठी केली, म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर असतात तशी. 'निर्भेळ पीक'मधला रफार आणि मात्रा वरून छाटली गेली. ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं बेतलेली. ती वाढवायची, तर एक प्रश्न पडद्याबाहेर. 360 रुंदी आणि वर उंचीचीही मारामार!

गटाचा हिशोब बघणाऱ्या ताईंना हे उभं प्रकरण पसंत नाही आणि मला त्यांचंच पटलं. क्षेत्र हेक्टरमध्ये मागितलेलं. एक एकरवाल्यानं 0.40 लिहायला हवं. त्यानं चाळीस गुंठे मनात धरून 40 लिहिलं. फोनवर तो आकडा एकटाच दिसतो, चूक जाणवत नाही. लॅपटॉपच्या तक्त्यात शेजारच्या ओळींत 0.80, 1.20 आणि मध्येच 40. ताई म्हणाल्या, "चाळीस हेक्टर असते तर हा माणूस आपल्याकडं उधार बियाणं मागायला आला असता का?"

पोरगा हसला नाही. क्षेत्राच्या रकान्याखाली त्यानं एक ओळ घातली: लिहिलेल्या आकड्याचे एकर किती, ते तिथल्या तिथं दाखवणारी. आता ती 360मध्ये बसवायची कुठं? थोडा वेळ डोकं खाजवून त्यानं पत्त्याचे तीन रकाने उडवले. सभासद सगळे गोरेगावचेच.