शेवंतीची रात्र

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन अमेरिकेत गेली. दर वर्षी मे महिना संपत आला, की तिच्या अंगणातल्या पियोनीचे फोटो मला येतात. फूल असे, की पाहणाऱ्याने दृष्ट काढावी. ओंजळभर आकार, पाकळीवर पाकळी आणि रंग दुधात गुलाल पडल्यासारखा. यंदा फोटोसोबत प्रश्नही आला, "गुरुजी, आपल्या इंदुरात हे का होत नाही? एकदा लावून बघा ना."

मी तिला उत्तर लिहावयास बसलो, आणि पियोनीबद्दल चार ओळी झाल्यावर लेखणी आपल्या घरच्या शेवंतीकडे वळली ती परत फिरेना. ते पत्र फार लांबले. त्यातलेच थोडे येथे देतो.

पियोनीचे आधी आटोपतो. ती इंदुरात होणार नाही. तिला झोप लागते, आणि झोपेसाठी खरी थंडी लागते. चार-पाच अंशांच्या आसपासची, आठवडेच्या आठवडे टिकणारी. आपल्याकडे ऐन जानेवारीत पहाटे सरासरी दहा अंश आणि दुपारी पंचवीस-सव्वीस. आपण तेवढ्यावर स्वेटर आणि कानटोपी काढतो, पण पियोनी त्याला हिवाळा समजत नाही. तिचे गड्डे मातीत बसवायचे तेही जपून. डोळे जेमतेम दोन इंच खाली असावे लागतात. जास्त खोल गेले तर पाने भरपूर आणि फुलाचा पत्ता नाही. मात्र एकदा बसली, की पन्नास-पन्नास वर्षे एका जागी राहते आणि कोणी हलविलेले तिला खपत नाही. आपल्या देशात तिच्या कुळातली एक जात पश्चिम हिमालयाच्या रानात उगवते. हकिमी औषधांत 'ऊदसलीब' म्हणून जी मुळी मिळते ती याच कुळाची. म्हणजे आपल्याकडे ही बाई आली ती फूल म्हणून नव्हे, काढ्यात घालायला!

आता शेवंती. आमच्या घरी जी आहे तिचे नाव कोणत्याही यादीत सापडणार नाही. पांढरी, पोटात किंचित पिवळी झाक, पाकळ्या आत वळलेल्या. पूर्ण उमलली म्हणजे आमटीच्या वाटीएवढी. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला 'माळीबाबांची' म्हणत.

अण्णा होळकर दरबारात पखवाजी होते. दरबारातली नोकरी त्यांना वयाच्या विशीतच मिळाली आणि फार टिकली नाही, कारण १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. इंदूर ही पखवाजाची मोठी गादी. नानासाहेब पानशांनी या शहरात जे पेरले त्याच्या सावलीत अण्णा वाढले. लालबागेतले एक माळी भजनी मंडळात गात आणि एकादशीला त्यांना पखवाजाची साथ हवी असे. दरबारी वादकाने माळ्यांच्या भजनात बसावे की नाही, यावर घरात बरीच कुरकुर झाली म्हणतात. अण्णा बसत. लालबागेचा वाडा १८८६ पासून १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने बांधला गेला. बागेचे नाव गाजले ते गुलाबांमुळे, पण हिवाळ्यात तिथे शेवंतीच्या कुंड्यांची रांगही लागे. १९४७ च्या माघात माळीबाबांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन मुनवे अण्णांच्या हाती दिले. बिदागी म्हणाल तर ती एवढीच.

मुनवा म्हणजे शेवंतीच्या बुडातून, जमिनीखालून निघणारा फुटवा. काहीजण त्याला काशी म्हणतात. बी पेरले तर कोणते फूल येईल याचा भरवसा नसतो; मुनवा लावला तर तेच झाड पुन्हा उभे राहते. तेव्हा १९४७ मध्ये जे झाड गोणपाटातून आले तेच आज माझ्याकडे आहे. त्याचे वंशज नव्हे, तेच. हे अण्णांनी मला सांगितले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. (अण्णांचे लग्न उशिरा झाले आणि मी शेंडेफळ, म्हणून आज सत्तेचाळिसाव्या वर्षी मी दरबारी वादकाचा मुलगा म्हणवून घेऊ शकतो.)

पियोनी जागा सोडत नाही, तर शेवंतीला दर वर्षी नव्याने लावावे लागते. बहर सरला, की फेब्रुवारीत झाड बुडापासून चार-सहा इंच ठेवून छाटायचे. मुनवे वर आले, की मुळांसकट सोडवून लहान कुंडीत लावायचे आणि माळव्याचा वैशाख सावलीत काढायचा. पावसाळ्याच्या तोंडी त्यांच्या शेंड्यांची तीन-चार इंची कलमे करून वाळूत खोचायची; पंधरा-वीस दिवसांत मुळ्या सुटतात. मग कुंडी बदलत बदलत भाद्रपदापर्यंत दहा इंची कुंडीवर यायचे. मधल्या काळात शेंडे खुडायचे. हे खुडणे लहानपणी मला बघवत नसे. हिरवागार, तुकतुकीत शेंडा अण्णा नखाने टचकन तोडीत आणि पुढच्या महिन्यात तिथून तीन फांद्या निघत. भाद्रपदानंतर मात्र शेंड्याला हात लावायचा नाही. पुढे कळ्या दिसू लागल्या, की एका फांदीवर मधली एक ठेवून बाजूच्या काढायच्या. कळीत रंग दिसला, की खत बंद. मावा पडला तर साबणाचे पाणी. पाणी घालायचे ते बुडाशी, पानांवर नव्हे.

माती हा मोठा प्रश्न. आपली माळव्याची काळी माती कापसाला, गव्हाला, हरभऱ्याला सोन्यासारखी; पण शेवंतीच्या मुळांना ती जीवघेणी. भिजली, की फुगून चिकटते, सुकली, की भेगाळते. अण्णा तिच्यात निम्मी नर्मदेची वाळू आणि कंपोस्ट मिसळीत. आता कंपोस्ट हा शब्द निघालाच आहे तर सांगितलेच पाहिजे, की जगभर ज्या खताला 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखतात ते आपल्याच गावचे. १९२४ साली येथे वनस्पती उद्योग संस्था निघाली. जमीन होळकर दरबाराची. पुढे तिथेच कृषी महाविद्यालय झाले. सर अल्बर्ट हॉवर्ड १९३१ पर्यंत त्या संस्थेचे संचालक होते. आपल्या शेतकऱ्यांकडून आणि चिनी शेतीच्या अभ्यासातून त्यांनी ही रीत बसविली. पालापाचोळा-काडीकचरा तीन भाग, शेण आणि गोठ्यातली मुतेरी माती एक भाग, वर लाकडाची राख. थरावर थर, बेताचा ओलावा आणि वारा जाण्यासाठी ढीग तीनदा उलटायचा. तीन महिन्यांत खत तयार. साहेबांनी १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि इंदूरचे नाव मळ्यामळ्यांतून पसरले. आमच्या रामबागेतल्या परसात तसा एक लहानसा ढीग होता आणि तो उलटण्याचे काम दादाचे आणि माझे. पखवाजाच्या धुमेला लावून उरलेली कणीकही अण्णा त्याच ढिगात टाकीत.

२००६ साली अण्णा गेले, तिथी मार्गशीर्षातली. त्या दिवसांत शेवंती भरात असते. तेव्हापासून दर श्राद्धाला त्यांच्या तसबिरीपुढे घरचे फूल ठेवायचे असा आईचा नेम आहे.

त्यानंतर मी कुंड्यांकडे म्हणावे तसे लक्ष दिले नाही, हे कबूल करतो. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या, मधे कोणाच्या तरी गाण्याची साथ. अण्णा पावसाळ्याआधी प्रत्येक कुंडीखाली विटा सरकवीत. एका वर्षी मी ते केले नाही. श्रावणात आठवडाभर झड लागली, कुंड्यांची भोके खालच्या काळ्या चिखलाने बुजली आणि पाणी साचले. उघडीप झाली तेव्हा पाने खालून काळी पडत चालली होती. बारा कुंड्यांपैकी एकही वाचली नाही. आई काही बोलली नाही. तिने कुंड्या पालथ्या घालून भिंतीशी रचून ठेवल्या, आणि मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

अण्णांची एक अट असे. मुनवा ज्याला पाहिजे त्याने न्यावा, पण पुढच्या वर्षी त्याने दोघांना द्यावा. मला ही हौस वाटे. त्या अटीनेच आम्हांला तारले. जुन्या इंदुरातल्या एक बाई अण्णांकडे ताल शिकावयास येत. त्यांच्या गच्चीवर तीच शेवंती उभी होती. त्यांनी फाल्गुनात दोन मुनवे दिले आणि हसून म्हणाल्या, "अट माहीत आहे ना?"

पुढे २०१८ साली रामबागेतले घर विकावे लागले. दादा पुण्याला, घर पडावयास आलेले, वाटण्यांत दोन्हीकडून बोलू नये ते बोलले गेले. अण्णांचा पखवाज दादाने नेला, कुंड्या माझ्याकडे राहिल्या. मी आणि आई दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. गॅलरी पूर्वेची, ऊन चांगले, नर्मदेचे पाणी दिवसाआड का होईना येते. पहिल्या वर्षी झाडे छान फुलली. पुढच्या वर्षी मात्र नवल झाले. झाडे कमरेएवढी वाढली, पाने काळीभोर, कीड नाही, रोग नाही आणि कळीही नाही. मार्गशीर्ष आला, श्राद्ध झाले. आईने राजवाड्यावरून शेवंती विकत आणवली. दुसऱ्या वर्षी मी खत बदलले, माती बदलली, खुडणे लवकर थांबविले. पुन्हा तेच. मनात येऊ लागले, की सत्तर-पंचाहत्तर वर्षे एकच झाड किती ओढायचे? वंश थकला असेल. माझी तेव्हाची समजूत खरीच तशी होती, आणि फेब्रुवारीत कुंड्या रिकाम्या करण्याचे मी ठरविलेही होते.

माझ्याकडे एक मुलगा तबला शिकतो, कृषी महाविद्यालयातला. एके संध्याकाळी विलंबित एकताल चालू असता त्याचे लक्ष सारखे गॅलरीकडे. मी रागावणार तोच तो म्हणाला, "गुरुजी, हा रस्त्यावरचा दिवा रात्रभर असतो का?"

दिवा नवा होता, पांढऱ्याफेक उजेडाचा, आणि नेमका आमच्या गॅलरीसमोर. आम्हांला त्याची सोयच वाटे. आई त्या उजेडात वाती वळीत असे.

मग त्याने समजावून सांगितले. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. आश्विन-कार्तिकात रात्री लांब होऊ लागल्या, की तिला कळ्या धरण्याची खूण पटते. लांब अंधार सलग मिळाला पाहिजे. मधे दिवा लागला, की तिला रात्र संपली असे वाटते आणि ती उन्हाळ्यासारखी नुसती वाढत राहते. गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनच्या झाडांवर फुलण्याचा दिवसाच्या लांबीशी असलेला संबंध दाखवून दिला. फुलांचे व्यापारी तर मुद्दाम मध्यरात्री दिवे लावून शेवंतीची कळी लांबवितात आणि काळे कापड झाकून ती लवकर आणवितात. म्हणजे जे व्यापारी पैसे खर्चून करतात ते माझ्या दारात फुकट होत होते! वंश थकला नव्हता. तिला कोणी निजू देत नव्हते.

पुढच्या भाद्रपदात आईने माळ्यावरून चार मोडक्या छत्र्या काढल्या आणि त्यांचे काळे कापड दुहेरी करून खोळी शिवल्या. मधे बांबूच्या काठ्या, वर खोळ. संध्याकाळी सहाला घालायची, सकाळी आठला काढायची. चौदा तासांची रात्र. एकही दिवस चुकता कामा नये. संध्याकाळचे सहा म्हणजे माझ्या शिकवणीची वेळ. दोन महिने मी मुलांना ठेका धरायला लावून गॅलरीत जात होतो. एकदा बाहेरगावी कार्यक्रम होता. तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या आईने स्टुलावर न चढता, काठीने खोळी सरकवून ते काम केले आणि रात्री फोनवर मला सांगितले, "निजवली बरं का तिला." पंचविसाव्या दिवशी शेंड्याच्या पानांत मोहरीएवढी कळी दिसली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. आईला हाक मारली, तर ती म्हणाली, "मला चार दिवसांपूर्वीच दिसली. दृष्ट नको म्हणून बोलले नाही."

त्या मार्गशीर्षात तसबिरीपुढे घरचे फूल होते. त्यानंतर दर वर्षी आहे. कळ्यांत रंग भरला, की खोळी काढतो आणि मग दिवा कितीही जळो, तिला त्याचे काही नाही.

फुलांचा फोटो आईने मला काढावयास लावला आणि दादाला पाठविला. आमचे बोलणे तसे कामापुरतेच उरले होते. आठवड्याने त्याचा फोन आला. पखवाजाची शाई तडकली आहे, पुण्यात कोणाकडे द्यावी, असे काहीसे बोलला. मग थांबून म्हणाला, "एक मुनवा मिळेल का?"

मी विचारले, "तुझ्या गॅलरीसमोर दिवा आहे का?"

रात्री बघून सांगतो म्हणाला. अजून सांगितलेले नाही. फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. गोणपाट मी धुऊन ठेवले आहे, आणि अट त्याला माहीत आहे.